प्रत्येक खंडात विषाणूचा वेगळा प्रकार का दिसतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: महासाथीचा विषाणू एका ठिकाणाहून निघतो, मग वर्षभरात ब्रिटनचा वेगळा, दक्षिण आफ्रिकेचा वेगळा, ब्राझीलचा वेगळा असे प्रकार कसे काय होतात? तिथल्या हवामानाशी आणि माणसांशी जुळवून घेत तो बदलतो का? आणि सीमा वेळेत बंद केल्या तर हे सगळं टळतं का?

हवामानाचं आधी उरकतो. थंडी, हवेतला दमटपणा, बंद खोल्या यांमुळे साथीचा हंगाम पुढेमागे होतो, वेग कमीजास्त होतो. पण विषाणूचा अमुक अवतार अमुक हवेसाठी घडला, असं कोविडमध्ये तरी दिसलं नाही. डेल्टा आणि ओमिक्रॉन ध्रुवाजवळच्या वस्त्यांतही पोचले आणि विषुववृत्तावरही. प्रदेशाप्रदेशातला फरक समजून घ्यायचा तर वेगळ्याच तीन गोष्टी विचाराव्या लागतात: तिथे विषाणू कोणाबरोबर आणि कधी आला, तिथल्या लोकांच्या अंगात आधीची कोणती प्रतिकारशक्ती होती, आणि तिथे जनुकक्रम (विषाणूच्या जनुकांतल्या अक्षरांचा क्रम) वाचणारं कोणी होतं का. जनुकीय साथशास्त्रात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचा निम्मा वेळ एकाच वादात जातो. एखादा प्रकार वाढताना दिसला, तर तो नशिबाने वाढतोय की स्वतःच्या जोरावर? बातम्यांत हे दोन्ही आलेख सारखेच दिसतात. खाली बहुतेक त्याबद्दलच लिहितो आहे.

त्यासाठी थोडं गणित लागेल, अवघड नाही. कोविडच्या विषाणूचा २०२० च्या जानेवारीत चीनमधून जाहीर झालेला पहिला जनुकक्रम २९,९०३ अक्षरांचा आहे आणि आजही सगळे क्रम त्याच्याशीच ताडून बघतात. विषाणू पेशीत शिरला की त्याच्या नकला निघतात आणि नकलांत चुका होतात. कोरोनाविषाणूंकडे यातल्या बऱ्याच चुका दुरुस्त करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, फ्लूकडे तसं काही नसतं. त्यामुळे कोरोनाचा बदलण्याचा वेग त्या मानाने संथ: एका वंशावळीत महिन्याला साधारण दोन बदल टिकतात. एकाकडून दुसऱ्याला लागण व्हायला सरासरी पाचेक दिवस धरले, तर महिन्यात सहा लागणी आणि दोन बदल. म्हणजे बहुतेक लागणींमध्ये एकही अक्षर बदलत नाही.

याचा अर्थ असा, की एका कचेरीतल्या दोघांचे क्रम तंतोतंत जुळले म्हणून एकाने दुसऱ्याला लागण दिली हे सिद्ध होत नाही. दोघांनी तिसऱ्याकडून घेतली असेल, किंवा मध्ये आणखी दोघेतिघे असतील. उलट दोघांच्या क्रमांत बारा अक्षरांचा फरक निघाला, तर मात्र ठाम बोलता येतं. बारा बदल दोन फांद्यांवर वाटले तर प्रत्येकीवर सहा, म्हणजे त्यांच्या विषाणूंचा समान पूर्वज तीनेक महिन्यांपूर्वीचा. या दोघांनी एकमेकांना काही दिलेलं नाही. जनुकक्रम संबंध नाकारायला फार चांगला, सिद्ध करायला लंगडा. वर्तमानपत्रांत ‘जनुकीय पुराव्याने स्रोत सापडला’ असं वाचलं की मी आधी नमुने किती होते ते बघतो.

हेच गणित हजारो क्रमांना लावलं की वंशवृक्ष तयार होतो आणि त्यावर देश आणि तारखा टाकल्या की प्रवास दिसू लागतो. ब्रिटनमधल्या पहिल्या लाटेचा असा अभ्यास झाला तेव्हा विषाणू तिथे हजाराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे शिरल्याचं दिसलं. बहुतेक वेळा स्पेन, फ्रान्स आणि इटलीतून, मुख्यतः २०२० च्या मार्चमध्ये. चीनमधून थेट आलेले अगदीच तुरळक. सगळ्यांचं लक्ष एका दाराकडे होतं आणि विषाणू दुसऱ्या दारांनी येत होता. न्यूयॉर्कमध्येही बराचसा विषाणू युरोपमार्गेच पोचला. अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय इथे कामाची नाही. रोज किती माणसं दोन शहरांमध्ये ये-जा करतात हे खरं अंतर. विमानाने जोडलेली दोन महानगरं साथीच्या नकाशावर शेजारी असतात आणि रस्ता नसलेलं पन्नास किलोमीटरवरचं खेडं दूर.

पण शिरणं म्हणजे पसरणं नव्हे. न्यूझीलंडमध्ये पहिल्या लाटेत विषाणूचे २७७ स्वतंत्र प्रवेश मोजले गेले. त्यांतल्या फक्त १९ टक्क्यांपासून एकाहून अधिक लोकांना पुढे लागण झाली, बाकीचे जागीच संपले. टाळेबंदीचा त्यात वाटा होताच, पण या विषाणूचा स्वभावही तसाच आहे. बहुसंख्य रुग्ण कोणालाच लागण देत नाहीत आणि मोजके लोक, बहुधा गर्दीच्या बंद जागेत, डझनावारी लोकांना देतात. वाळल्या गवतावर ठिणग्या पडाव्यात तसं: बहुतेक विझतात, एखादी पेट घेते. मग त्या एका ठिणगीत जी काही अक्षरं बदललेली होती, ती त्या अख्ख्या प्रदेशाची ओळख बनतात. त्या अक्षरांचा पराक्रम शून्य असला तरी.

सिअॅटलची गोष्ट याच जातीची. वुहानहून परतलेला एक रुग्ण अमेरिकेतल्या या शहराजवळ २०२० च्या जानेवारीत सापडला. फेब्रुवारीअखेर तिथेच स्थानिक रुग्ण मिळाले आणि त्यांचा क्रम त्या पहिल्या रुग्णाच्या क्रमाशी जवळजवळ जुळत होता. मधले सहा आठवडे विषाणू गुपचूप फिरत होता, असा निष्कर्ष निघाला. नंतर आणखी क्रम आले, संगणकावर त्या काळाच्या अनेक शक्यता चालवून बघितल्या गेल्या, आणि चित्र उलटं झालं: पहिल्या रुग्णाची साखळी बहुधा तिथेच तुटली होती आणि पुढची साथ वेगळ्या, नंतरच्या प्रवेशातून आली होती. वृक्षावर न दिसणाऱ्या फांद्या किती, यावर अर्थ ठरतो.

आता नशीब आणि जोर यांतला फरक. यासाठी युरोपमधल्या २०२० च्या उत्तरार्धाइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिथे सहा महिन्यांत दोन्ही गोष्टी घडल्या.

पहिली बी.१.१७७ या वंशाची. हा उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्पेनमध्ये दिसला. ज्या प्रथिनाने विषाणू पेशीला चिकटतो त्या स्पाइक प्रथिनात २२२ व्या जागी एक बदल होता. जूनमध्ये युरोपातल्या सीमा उघडल्या, लोक सुट्टीला स्पेनला गेले, परतताना हा घेऊन आले, आणि शरद ऋतूपर्यंत ब्रिटन, स्वित्झर्लंडसह अनेक देशांत हाच प्रमुख झाला. आलेख बघितला तर वाटावं, जबरदस्त संसर्गक्षम प्रकार आहे. पण खोलात गेल्यावर दिसलं की तो देशोदेशी पुन्हापुन्हा आयात होत होता, तेही अशा काळात जेव्हा उन्हाळ्यामुळे बाकी विषाणू कमी होता. पर्यटकांनी त्याला उचलून धरलं होतं. इतर वंशांपेक्षा तो ठळकपणे वेगाने पसरतो, असा पुरावा मिळाला नाही.

दुसरी अल्फाची, म्हणजे बी.१.१.७ या वंशाची. त्याचे सर्वांत जुने नमुने आग्नेय इंग्लंडमधले, २०२० च्या सप्टेंबरमधले. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात टाळेबंदी होती. देशभर रुग्ण कमी होत होते, केंट परगण्यात मात्र वाढत होते. नमुने उलगडले तर एकाच गावात, त्याच आठवड्यांत, त्याच निर्बंधांखाली बी.१.१७७ उतरतोय आणि बी.१.१.७ चढतोय. मला विचाराल तर निर्णायक कसोटी हीच. दोन वंश एकाच जागी, एकाच वेळी, त्याच लोकांत असताना एक वाढतो आणि दुसरा घटतो, तेव्हा प्रवास, हवा, सणवार, नियम ही सगळी कारणं आपोआप बाद होतात. उरतो तो विषाणूमधला फरक. दुसरी कसोटी पुढच्या दोन महिन्यांत लागली: डेन्मार्क, अमेरिका, पोर्तुगाल, जिथे जिथे अल्फा पोचला तिथे तिथे त्याचा वाटा साधारण त्याच चढाने वाढला. नशीब एकदा साथ देतं, प्रत्येक देशात देत नाही.

अल्फा इतक्या लवकर मोजता आला तो एका योगायोगामुळे. ब्रिटनच्या मोठ्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी एक पीसीआर चाचणी विषाणूचे तीन तुकडे शोधायची. अल्फाच्या स्पाइक जनुकात प्रथिनाच्या ६९ आणि ७० या जागांची अक्षरं गळालेली होती, त्यामुळे तिसरा तुकडा लागायचा नाही: दोन पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. पूर्ण क्रम वाचायला आठवडा लागतो; हा नमुना रोजच्या हजारो चाचण्यांत फुकट दिसत होता. वर्षभराने दक्षिण आफ्रिकेतल्या हाउटेंग प्रांतात हाच तिसरा तुकडा पुन्हा गायब होऊ लागला. तेव्हा डेल्टाचं राज्य होतं आणि डेल्टात ही गळती नाही, म्हणून तिथले लोक लगेच सावध झाले. तो ओमिक्रॉन होता.

प्रकारांमागे आणखी एक गंमत आहे. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील या तीन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, स्पाइकच्या ५०१ व्या जागी तोच बदल झाला. दक्षिण आफ्रिकेतला बीटा आणि ब्राझीलमधला गॅमा यांच्यात ४८४ व्या जागीही एकच बदल, आणि ४१७ वी जागाही दोघांत बदललेली. इतक्या अक्षरांमधून त्याच जागा पुन्हापुन्हा लागतात तेव्हा तो जुगार नसतो. ५०१ मुळे विषाणूची पेशीवरची पकड घट्ट होते, ४८४ मुळे आधीच्या संसर्गातून आलेल्या अँटीबॉडी चुकवता येतात. म्हणजे ‘प्रत्येक देशात वेगळा विषाणू’ हे अर्धंच खरं. वेगवेगळ्या देशांत तो एकच उत्तर स्वतंत्रपणे शोधत होता, कारण सगळीकडे परीक्षा एकच होती: माणसाची पेशी आणि माणसाची प्रतिकारशक्ती.

मग बीटा जगभर का नाही पसरला? कारण जोर हा विषाणूचा एकट्याचा गुण नसतो, तो समोरच्या लोकसंख्येवर ठरतो. बीटाची खासियत प्रतिकारशक्ती चुकवण्याची. जिथे बरेच लोक आधीच बाधित झालेले होते, तिथे त्याला त्याचा फायदा. २०२१ च्या सुरुवातीला जगाच्या मोठ्या भागात चुकवण्यासारखं फारसं काही नव्हतंच. तिथे जो नुसता जास्त वेगाने पसरतो तो जिंकणार, आणि तो डेल्टा होता. मग वर्षाच्या मध्यावर डेल्टाने दक्षिण आफ्रिकेतूनही बीटाला हुसकावलं.

डेल्टाचे सर्वांत जुने नमुने भारतातले, २०२० च्या ऑक्टोबरमधले. २०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात ‘डबल म्युटंट’चा गाजावाजा झाला, तो ४५२ आणि ४८४ या दोन बदलांच्या जोडीबद्दल. प्रत्यक्षात ती जोडी असलेला बी.१.६१७.१ मागे पडला. ज्याने जग व्यापलं तो त्याचा भाऊ, बी.१.६१७.२, आणि त्यात ४८४ चा बदल नव्हताच. किती म्युटेशन आहेत हे मोजून धोका सांगता येत नाही. यादी कोणीही वाचू शकतं; कोण कोणाला हटवतंय, हे पाहायला आठवडे जावे लागतात.

आता मोठ्या उड्यांबद्दल. महिन्याला दोन बदल हा हिशेब ओमिक्रॉनने मोडला. त्याच्या स्पाइकमध्येच तिसाहून जास्त बदल होते आणि वृक्षावर त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक २०२० च्या मध्यातले. मधल्या पायऱ्या कुठेच सापडल्या नाहीत. तीन शक्यता मांडल्या गेल्या: क्रम वाचले जात नसलेल्या भागात तो हळूहळू बदलत राहिला, एखाद्या प्राण्यात जाऊन परत आला, किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या एका माणसाच्या शरीरात महिनोन्‌महिने टिकला. प्राण्यांची शक्यता हवेतली नाही. डेन्मार्कमध्ये फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या छोट्या प्राण्यांच्या फार्ममध्ये विषाणू माणसांकडून मिंकांत आणि परत माणसांत गेला होता, आणि उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांतही तो पसरला. तरी माझा कल तिसऱ्या शक्यतेकडे आहे. दीर्घ संसर्गाच्या रुग्णांचे लागोपाठचे नमुने वाचले की त्यांच्यात तेच बदल भराभर साठताना दिसतात, जे नंतर मोठ्या प्रकारांत भेटतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बीए.२.८६ हा ओमिक्रॉनचा उपप्रकार असाच अचानक उगवला. सुरुवातीला तो काही फार चालला नाही. मग ४५५ व्या जागी एक बदल झाला, त्याचा जेएन.१ झाला आणि २०२४ उजाडेपर्यंत बऱ्याच जगात तोच होता.

‘विषाणू काळाच्या ओघात सौम्य होतो’ या समजाबद्दल मला नेहमी विचारतात. डेल्टा अल्फापेक्षा तीव्र होता, एवढं उदाहरण पुरेसं आहे. हा विषाणू बहुतेक लागणी आजाराच्या पहिल्या काही दिवसांत, बऱ्याचदा लक्षणांच्या आधीच, उरकतो. रुग्ण तिसऱ्या आठवड्यात दगावला काय आणि बरा झाला काय, त्याच्या प्रसाराला फरक पडत नाही. ओमिक्रॉन डेल्टापेक्षा सौम्य निघाला हे खरं, पण अनुभव प्रदेशागणिक किती वेगळा होता ते बघा. हाउटेंगमध्ये ओमिक्रॉन येण्याआधीच सुमारे ७३ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी होत्या. तिथे रुग्णसंख्या आकाशाला भिडली, मृत्यू त्या प्रमाणात वाढले नाहीत. हाँगकाँगने दोन वर्षं साथ बाहेर ठेवली होती, आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेक लोकांनी लस घेतलेली नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला ओमिक्रॉन तिथे घुसला आणि लोकसंख्येच्या मानाने मृत्यूंचा दर काही आठवडे जगात सर्वांत जास्त गणला गेला. विषाणू साधारण तोच, समोरची माणसं वेगळी.

फ्लूबद्दल थोडक्यात, कारण त्याची चाल वेगळी. त्याचा जनुकसंच आठ तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन प्रकार शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते आणि एका रात्रीत नवा विषाणू तयार होतो. २००९ च्या महासाथीचा एच१एन१ डुकरांमधल्या अशाच अदलाबदलींतून आला. हंगामी फ्लूमध्ये एच३एन२ सतत जगभर फिरतो आणि त्याचे नवे वंश बऱ्याचदा पूर्व आणि आग्नेय आशियातून निघतात. बी प्रकारचा फ्लू एकेका प्रदेशात वर्षानुवर्षं घुटमळतो. कोविडच्या निर्बंधांनी यातला एक वंश बहुधा संपवलाच: बी-यामागाता २०२० च्या मार्चनंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही. कोरोनातही अदलाबदल होते, वेगळ्या पद्धतीने. २०२२ मधला एक्सबीबी हा ओमिक्रॉनच्या दोन उपप्रकारांचा असा जोड होता.

नकाशाबद्दल सावध राहा. प्रकार जिथे सापडतो तिथे तो जन्मलेला असतोच असं नाही. तिथे कोणीतरी बघत होतं, एवढंच कळतं. गॅमाचा उद्रेक ब्राझीलच्या मानाउस शहरात झाला, पण त्याची पहिली जाहीर वर्दी २०२१ च्या जानेवारीत जपानने दिली, ब्राझीलहून आलेल्या चार प्रवाशांचे नमुने विमानतळावर तपासून. ब्रिटन आणि डेन्मार्क नमुन्यांचा मोठा हिस्सा वाचत होते; अनेक देश हजारात एकही वाचत नव्हते. त्यामुळे वृक्षावर असं दिसतं की जणू विषाणू नेहमी श्रीमंत देशांतून बाहेर पडतो. हा दोष आकडेमोडीने थोडा कमी करता येतो, पण ज्या प्रदेशातून क्रमच नाहीत तिथली फांदी कोणतंही सूत्र काढून देत नाही.

आता सीमांचं. ओमिक्रॉनची माहिती दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेला दिली. दोन दिवसांत अनेक देशांनी तिथली उड्डाणं थांबवली. नेदरलँड्सने नंतर जुने नमुने काढून पाहिले तर १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांतच ओमिक्रॉन होता. बंदी लागू झाली तेव्हा बंद करायला काही उरलंच नव्हतं, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे कळवलं त्यांच्या प्रयोगशाळांना रसायनं मिळणं मात्र अवघड झालं. एका देशावर बंदी घालून बाकी दारं उघडी ठेवणं हे ब्रिटनने २०२० च्या मार्चमध्ये जे भोगलं तेच आहे.

न्यूझीलंडचा प्रकार निराळा. त्यांनी सगळ्याच देशांतल्या परदेशी लोकांसाठी दार लावलं, परतणाऱ्या आपल्या लोकांना विलगीकरणात ठेवलं आणि त्या अवधीत लोकांना लस दिली. २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला तेव्हा बहुतेक प्रौढांनी लस घेतलेली होती. हाँगकाँगलाही तेवढाच अवधी मिळाला होता. सीमा बंद करून विषाणू टळत नाही, महिने मिळतात, आणि त्या महिन्यांत वृद्धांपर्यंत लस पोचली की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.